बाबांनी नव्या औषधाच्या चाचणीत जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंचे वडील ६८ वर्षांचे आहेत. वीस वर्षांचा मधुमेह आहे, आता लघवीतून प्रथिनं जायला लागली आहेत आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा, हळूहळू चढतंय. किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं, एका नव्या गोळीच्या दोन वर्षांच्या चाचणीत भाग घ्याल का, आणि अठरा पानांचा हिंदी फॉर्म हातात दिला. त्यात नॉमिनीचं नाव मागितलंय, ते वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काका म्हणतात, ‘आपल्या इंदुरात काय झालं होतं ते विसरलात का? माणसाचा उंदीर करतात.’ बाबा म्हणतात, ‘एवढे मोठे डॉक्टर सांगतायत म्हणजे माझ्या भल्याचंच असणार, सही करून टाकू.’ गुरुवारी पुन्हा बोलावलंय. ताईंनी विचारलंय, हे सुरक्षित आहे का?

ताई, मी औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि त्यातली बरीच वर्षं एथिक्स कमिटीवर, म्हणजे चाचण्या तपासून त्यांना मंजुरी देणाऱ्या समितीवर, काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो: ‘सुरक्षित आहे का’ ह्याचं पूर्ण उत्तर आज कुणाकडेच नाही. डॉक्टरांकडे नाही आणि कंपनीकडेही नाही. ते असतं तर चाचणी करावीच लागली नसती, गोळी सरळ दवा बाजारात आली असती. म्हणून प्रश्न जरा बदलून घ्या. ह्या गोळीबद्दल नेमकं काय कळलेलं आहे, काय कळायचं आहे, आणि काही बिघडलं तर ते कोण निस्तरणार? ह्या तिन्हींची उत्तरं मिळतात, आणि ती मागायचा तुम्हाला हक्क आहे.

तुमच्या घरातल्या तीन माणसांपैकी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बाबांची. काकांची भीती समजण्यासारखी आहे, तिच्याकडे येतोच. आईचं रडणं दोन मिनिटांत थांबवता येईल. पण ‘डॉक्टर सांगतायत म्हणजे माझ्या भल्याचंच असणार’ हे वाक्य मनात धरून जो माणूस चाचणीत जातो, त्याला आपण कशात आलो आहोत हेच कळलेलं नसतं.

एरवी डॉक्टर औषध देतात तेव्हा त्यांच्यासमोर फक्त बाबा असतात. साखर पाहून डोस वाढवतील, पाय सुजले तर गोळी बदलतील. चाचणीत तसं नसतं. तिथे प्रोटोकॉल असतो, म्हणजे कुणाला काय, किती, कधी द्यायचं आणि कधी तपासायचं हे आधीच लिहून ठेवलेलं. बाबांना खरी गोळी मिळणार की तशीच दिसणारी, औषध नसलेली ‘नुसती’ गोळी मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो. बहुतेक वेळा ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. ह्यात फसवणूक काही नाही. डॉक्टरांना कळलं की ते नकळत खरी गोळी घेणाऱ्याकडे अधिक आशेनं पाहू लागतात आणि सगळा हिशेब बिघडतो, म्हणून ते झाकून ठेवतात. पण हे लक्षात ठेवा की त्या दोन वर्षांत तेच डॉक्टर दोन कामं करत असतात. एक, बाबांना सांभाळणं. दुसरं, एका प्रश्नाचं उत्तर शोधणं, आणि त्या उत्तराचा फायदा कदाचित पुढच्या पिढीतल्या कुणाला तरी होईल. चांगला संशोधक दोन्ही कामं नीट करतो. फक्त ती दोन वेगळी कामं आहेत हे घरच्यांना ठाऊक असायला हवं.

हे मी एका माणसामुळे शिकलो. मिलमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ रक्तदाबाच्या चाचणीत होते. फार शिस्तीचे, दर तारखेला वेळेच्या आधी हजर. एका तपासणीत रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. विचारपूस केली तेव्हा कळलं की त्यांनी आपली नेहमीची गोळी बंद करून टाकली होती. ‘तुम्ही खास गोळी दिलीत, मग जुनी कशाला खायची?’ फॉर्मवर त्यांची सही होती, साक्षीदाराची होती, सगळे कागद चोख होते. आणि त्या भल्या माणसाला ती डबी ‘खास औषधाची’ वाटत होती! ती खरी गोळी होती की नुसती, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते सुखरूप सावरले. पण त्या दिवसापासून मी सहीवर विश्वास ठेवणं सोडलं. समोरचा माणूस स्वतःच्या शब्दांत काय सांगतो ते ऐकायला लागलो.

म्हणून पहिली गोष्ट: बाबांच्या चालू गोळ्यांचं काय होणार ते विचारा. मधुमेही किडनीसाठी आज चांगली औषधं आहेत. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी आहे, आणि डापाग्लिफ्लोझिन आहे, जे आता आपल्याकडे स्वस्तात मिळतं. नवी गोळी ह्या औषधांच्या जोडीला देणार असतील, म्हणजे ज्यांच्या वाट्याला नुसती गोळी येईल त्यांचीही नेहमीची औषधं चालू राहणार असतील, तर ती गोष्ट निराळी. चालू औषध काही आठवडे थांबवावं लागेल असं सांगितलं, तर का, किती दिवस आणि तेवढ्यात क्रिएटिनिन चढलं तर काय, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझं मत विचाराल तर क्रिएटिनिन आधीच चढतंय अशा माणसाचं किडनीचं औषध थांबवायला मी सहजासहजी तयार होणार नाही.

आता डापाग्लिफ्लोझिनचंच उदाहरण घेऊ, कारण ते औषध बाबांच्याच आजाराचं आहे आणि आकडे जाहीर आहेत. डापा-सीकेडी नावाच्या चाचणीत ४३०४ किडनीचे रुग्ण होते, २१५२ खऱ्या गोळीवर आणि २१५२ नुसत्या गोळीवर. जवळजवळ सगळ्यांची नेहमीची रक्तदाबाची औषधं चालूच होती. किडनी बरीच खालावणं, निकामी होणं, किंवा किडनी वा हृदयाच्या आजारानं मृत्यू, ह्यांपैकी काही घडलेले लोक मोजले. नुसत्या गोळीवाल्यांत ते ३१२ निघाले, खऱ्या गोळीवाल्यांत १९७. निकाल इतका स्पष्ट होता की देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीनं चाचणी मुदतीआधीच थांबवायला सांगितली. २०२० मध्ये निकाल छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांचं लिहून देणं बदललं.

पण हेच आकडे बाबांच्या खुर्चीत बसून वाचा. शंभर माणसांत नुसती गोळी घेणाऱ्या सुमारे साडेचौदा जणांचं बिघडलं, खरी घेणाऱ्या सुमारे नऊ जणांचं. म्हणजे इतक्या यशस्वी चाचणीतसुद्धा शंभरातले पंच्याऐंशी लोक हे औषध न घेताही त्या काळात ठीकच राहिले, आणि नऊजण औषध घेऊनही बिघडले. फायदा झाला तो शंभरामागे पाच-सहा जणांना. वैद्यकात हा फार मोठा फायदा आहे, लाखो रुग्णांना लावला तर हजारो लोकांचं डायलिसिस टळतं. पण एका माणसानं ‘ह्या गोळीनं माझी किडनी सुधारेल’ अशी आशा धरून जावं इतका तो मोठा नाही. आणि ही तर ज्या औषधानं सिद्ध करून दाखवलं त्याची गोष्ट. बरीच औषधं शेवटच्या टप्प्यापर्यंत येऊनही काहीच करत नाहीत.

काही तर उलटी पडतात. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी जन्मभर लक्षात ठेवलेली एक चाचणी आहे, कास्ट नावाची, अमेरिकेतली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयात मधूनच जास्तीचे ठोके पडतात, आणि ज्यांच्यात ते अधिक पडतात त्यांच्यात मृत्यूही अधिक होतात, हे ठाऊक होतं. ते ठोके थांबवणारी औषधंही होती. मग ठोके थांबवा, माणूस वाचेल, असा सरळ विचार करून डॉक्टर ती औषधं बिनदिक्कत लिहून देत होते. चाचणी झाली तेव्हा एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू झाले आणि नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ठोके खरोखरच थांबले होते! माणसं मात्र दुपटीहून जास्त गेली. १९८९ मध्ये चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. चाचणी झाली नसती तर चांगल्या हेतूनं, अनुभवी डॉक्टरांच्या हातून ती औषधं आणखी किती वर्षं दिली गेली असती, ह्याचा विचार करवत नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवली. ‘नुसती गोळी मिळाली तर आपलं नुकसान’ असं घरोघरी धरून चालतात. नवी गोळी मिळणं हा फायदाच असेल हे कुणी ठरवलं? ते ठरलेलं नसतं म्हणूनच चिठ्ठ्या टाकणं न्याय्य ठरतं. ज्या दिवशी ते पक्कं ठरतं, त्या दिवशी चाचणी पुढे चालू ठेवणं चूक होतं. म्हणून डॉक्टरांना विचारा, ह्या चाचणीत मधेच आकडे उघडून पाहणारी स्वतंत्र समिती आहे का, आणि ती किती दिवसांनी पाहते?

आता काका. त्यांना काही जुनं आठवत असेल तर ते खोटं नाही. इंदुरातल्या औषधचाचण्यांवरून आपल्या शहराचं नाव वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत गाजलं, ते चांगल्या कारणानं नव्हे. रुग्णांना चाचणीत घेतलंय हेच माहीत नव्हतं, कागद इंग्रजीत होते, असे आरोप झाले. पण काकांना पुढची गोष्टही सांगा, कारण तीही इंदूरचीच आहे. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच ह्या संघटनेनं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका लावली. त्या सुनावणीत सरकारनं दिलेला आकडा असा होता: २००५ ते २०१२च्या मध्यापर्यंत ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांत २६४४ मृत्यू झाले, त्यातले ८० चाचणीमुळे झाल्याचं मानलं गेलं. मोठा आकडा पाहून लगेच घाबरू नका, चाचणीत आधीच गंभीर आजारी असलेले लोकही असतात आणि त्यातले काही आजारानंच जातात. छोटा आकडा पाहून निश्चिंतही होऊ नका. कुठला मृत्यू औषधानं झाला आणि कुठला आजारानं, हे तेव्हा कोण आणि कसं ठरवत होतं, हाच तर वादाचा मुद्दा होता.

त्या याचिकेच्या रेट्यामुळे २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले, एथिक्स कमिट्यांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली, संमती घेतानाचं रेकॉर्डिंग आलं. पुढे २०१९ मध्ये हे सगळं नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांत एकत्र बांधलं गेलं. आज देशात कुठेही कुणी चाचणीच्या फॉर्मवर सही करतो, तेव्हा त्याला मिळणाऱ्या संरक्षणात इंदूरकरांच्या त्या लढ्याचा वाटा आहे. मला ह्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

आईला सांगा, नॉमिनीची ओळ त्याच वेळी आली. बाबांना काही होणार असं कुणी धरून चाललेलं नाही. आधी असं व्हायचं की काही विपरीत घडलं तर भरपाई कुणाला द्यायची, कुटुंब कुठलं, पत्ता काय, ह्याचाच पत्ता लागायचा नाही. म्हणून नाव, नातं, पत्ता आणि वार्षिक उत्पन्न फॉर्मवरच लिहून घेतात. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावतो तसंच हे समजा. आईचंच नाव घाला, स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे असू द्या.

भरपाईचा हिशेबही ठरलेला आहे. चाचणीमुळे मृत्यू झाला तर आठ लाख ही मूळ रक्कम धरतात, वय जितकं कमी तितकी ती वाढते आणि आधीच्या आजाराच्या गांभीर्याप्रमाणे ०.५ ते ४ ह्या आकड्यानं गुणतात. वय ६५ किंवा जास्त असेल तर वयाची वाढ मिळत नाही, म्हणजे बाबांच्या वयाला रक्कम चार लाख ते बत्तीस लाख ह्यांच्या मधली कुठली तरी. हे लिहिताना हात जड होतो, पण सही करण्याआधी हे माहीत असलेलं बरं. आणि इजा झाली तर उपचार फुकट मिळायला हवेत, ती इजा चाचणीमुळे झालेली नाही असं सिद्ध होईपर्यंत किंवा डॉक्टरांच्या मते गरज असेपर्यंत, ह्यांत जे आधी होईल तोवर. फॉर्ममध्ये ह्या उपचारांबद्दल ‘कंपनीच्या विवेकानुसार’ असलं काही लिहिलेलं दिसलं तर तिथे बोट ठेवून विचारा.

एक व्यवहाराची गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा. चाचणी चालू असताना बाबा कुठल्याही कारणानं दवाखान्यात दाखल झाले, अगदी जिन्यावरून पडून का होईना, तर त्याच दिवशी चाचणीच्या डॉक्टरांना फोन करायचा. नियमाप्रमाणे ते घडल्यापासून २४ तासांत त्यांनी वर कळवायचं असतं. तुम्ही रात्री दुसऱ्याच नर्सिंग होममध्ये नेलंत आणि आठवड्यानं सांगितलंत, तर कारण शोधणं अवघड होतं आणि तुमचीच बाजू कच्ची पडते. बाबांच्या खिशात चाचणीचं कार्ड हवं, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनाही कळेल की हा माणूस कुठली तरी माहीत नसलेली गोळी घेतोय.

फॉर्मच्या भाषेबद्दल मी जरा हट्टी आहे. आमच्या कमिटीत वैद्यकाबाहेरच्या एक सदस्य होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. असा सामान्य माणूस कमिटीत असावाच लागतो, आणि कमिटीतले किमान निम्मे लोक संस्थेबाहेरचे असावे लागतात. पहिल्याच बैठकीत बाईंनी विचारलं, ‘यादृच्छिकीकरण म्हणजे काय?’ आम्ही सगळे पदवीधर एकमेकांकडे पाहत राहिलो. शेवटी फॉर्म परत पाठवला आणि ‘चिठ्ठी टाकल्यासारखं, कुणाच्याही मर्जीविना ठरेल’ असं लिहून आणायला लावलं. बाबांची हिंदी बाजाराची आणि ऑफिसची असेल, पण आजारपणाचं त्यांना मराठीतच उमगत असणार. तर मराठी फॉर्म मागा. चाचणीची केंद्रं पुण्या-मुंबईतही असतील तर मराठी फॉर्म बहुधा आधीच तयार असतो, इथल्या कमिटीची मंजुरी घेऊन तो वापरता येतो.

पुण्या-मुंबईत केंद्र आहे की नाही हे तुम्हाला घरबसल्या बघता येईल. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, चालवत असलेली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री (सीटीआरआय) आहे, चाचण्यांची ऑनलाइन नोंदवहीच म्हणा, २००७ पासूनची. २००९ पासून नव्या औषधाच्या चाचणीची तिथे नोंद सक्तीची आहे. फॉर्मवर सीटीआरआयनं सुरू होणारा क्रमांक असेल, तो तिथे टाका. चाचणीचा टप्पा, पैसा कुणाचा, किती लोक घेणार, कोणकोणत्या गावांत, इंदूरच्या कुठल्या कमिटीनं मंजुरी दिली, सगळं दिसेल. क्रमांक नसेल किंवा सापडत नसेल तर तिथेच थांबा, सही नाही. टप्पाही नीट बघा. तिसरा टप्पा असेल तर त्याआधी साधारण काहीशे लोकांनी ती गोळी घेतलेली असते, आणि त्यांना काय त्रास झाला हे फॉर्ममध्ये आकड्यांनिशी यायला हवं. पहिला किंवा दुसरा टप्पा असेल तर बाबांच्या वयाला, ह्या किडनीनं, मी तरी नाही म्हणेन.

पैशाचंही संकोच न करता विचारा. दर रुग्णामागे हॉस्पिटलला आणि डॉक्टरांना कंपनीकडून रक्कम मिळते. ही चोरीची गोष्ट नाही, तो करार कमिटीसमोर मांडलेला असतो. चांगला संशोधक ह्या प्रश्नावर रागावत नाही. जो रागावला, त्याच्याकडे दोन वर्षं बाबांना पाठवावं का, हे तुम्हीच ठरवा. तुम्हाला येण्याजाण्याचा खर्च मिळेल, तपासण्या फुकट होतील. तपासण्या वेळच्या वेळी होणं आणि कुणीतरी फोन करून गोळी घेतली का विचारणं, हा फायदा मात्र दोन्ही गटांना मिळतो आणि तो खरा आहे. अनेक रुग्णांची साखर केवळ त्या लक्ष ठेवण्यानं सुधारलेली मी पाहिली आहे.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मी ‘नको’कडे झुकतोय. तसं नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यांच्यासाठीची औषधं फक्त परदेशातल्या, वेगळं खाणाऱ्या, वेगळ्या बांध्याच्या लोकांवर तपासून आपण वापरत राहायचं का? १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग्यांवर चाचणी झाली, निम्मे सॅनिटोरियममध्ये आणि निम्मे आपल्या दाटीवाटीच्या घरात. घरी औषध घेणारे तितकेच चांगले बरे झाले, आणि घरातल्या माणसांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. गरिबाला घर-संसार सोडून महिनोन्‌महिने सॅनिटोरियममध्ये राहायची गरज नाही हे आपल्याच देशातल्या, आपल्यासारख्याच रुग्णांनी जगाला दाखवून दिलं. बाबांची चालू औषधं कायम राहणार असतील, टप्पा तिसरा असेल, नोंद आणि कमिटी नीट असेल, आणि बाबांना कळलं असेल की ह्यात त्यांना स्वतःला काहीच न मिळण्याची शक्यता बरीच आहे, तरीही त्यांना जायचं असेल, तर मी त्यांना अडवणार नाही. माझ्या भावाच्या बाबतीतही हेच म्हटलं असतं.

गुरुवारी सही करायलाच हवी असं कुठेही नाही. फॉर्म घरी ठेवून घ्यायचा, नातेवाइकांना, ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचा हक्क आहे. ‘आज नाही केली तर जागा जाईल’ असं म्हणाले तर जाऊ द्या. सही झाल्यावर माहितीपत्रक आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत हातात घेतल्याशिवाय निघू नका, आणि त्यावरचा एथिक्स कमिटीचा फोन नंबर आपल्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. बाबा कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकतात, त्यांच्या नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये. फक्त गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगून करायची.

आणि बुधवारी रात्री जेवणं झाली की एवढं करा. तुम्ही, आई, काका समोर बसा आणि बाबांना सांगायला लावा: ही चाचणी कशाची आहे, मला कोणती गोळी मिळणार हे कोण ठरवणार, माझ्या जुन्या गोळ्यांचं काय, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. मधे कुणी बोलायचं नाही. ते जिथे अडखळतील ते कागदावर लिहा आणि तोच कागद गुरुवारी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.